छबुबाईचा अर्धा कोयता

…तर बँकेच्या साहेबानं तो फोटो टेबलावरून आमच्याकडं सरकवला आणि म्हणाला, "हे बघा. आमचा माणूस स्वतः गावात जाऊन आलाय. नवरा-बायको एकाच घरात राहतात. आता बोला."

काल इथपर्यंत आलो होतो आणि म्हशीनं दावं तोडलं, म्हणून गोष्ट तशीच राहिली. म्हैस सापडली, गोष्टही सापडली.

फोटोत मुंजाजीच्या घराचा ओटा होता. ओट्यावर मुंजाजी मांडी घालून बसलेला, पुढं ताट, आणि छबुबाई वाकून त्याला खीर वाढतेय. फोटो काढणाऱ्यानं मोटारसायकलवरून उतरायची तसदी घेतली नव्हती, म्हणून फोटो जरा तिरका आला होता. पण दिसायचं ते सगळं दिसत होतं. मुंजाजीच्या मनगटावर बशीएवढी राखी होती, लाल स्पंजाची, मधे सोनेरी कागदाचा ॐ.

छबुबाईनं फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"साहेब, ह्येच्या मनगटाकडं बगा."

"काय आहे?"

"राखी हाय."

"बरं."

"बायको बांधती का राखी?"

खोटं कशाला बोलू, साहेबाच्या ओठावर हसू आलं होतं. पण ते त्यानं गिळलं आणि म्हणाला, "बाई, राखी सिस्टिममध्ये दिसत नाही."

मी शेजारी बसलो होतो. मला आयुष्यात हसायला कमी कारणं मिळाली नाहीत, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. छबुबाई म्हणजे आमच्याच गावची लेक, धारूरच्या घाटाखालची. मुंजाजी तिचा सख्खा धाकटा भाऊ. एका आईचं दूध प्यालेली दोघं. पोरगी असल्यापासून छबू अशी, की हक्काचं सोडायचं नाही. आठ-नऊ वर्षांची असताना बापाबरोबर धारूरच्या बाजाराला गेली होती. परत येताना कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून आठ आणे ठेवून घेतले. गावात उतरल्यावर ही पोरगी एसटीच्या पुढं रस्त्यात जाऊन बसली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, बापानं दंड धरून ओढलं, उठली नाही. शेवटी आतल्या माणसांनी आपापले खिसे चाचपले, कुणीतरी आठ आणे दिले. ते तिनं घेतले नाहीत. "ह्याच्याकडनं पायजेत," म्हणाली, कंडक्टरकडं बोट दाखवून. दिले त्यानं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की पोरं पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. पण आता सांगताना ती पहिल्यासारखी गोड लागत नाही.

लग्न होऊन ती केजकडं गेली. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे. एका हंगामात नवरा भरलेल्या ट्रॉलीवरून खाली आला आणि गेला. पदरात आरोही, चालायला लागलेली. सासरच्यांनी दिवस घातले आणि छबुबाईला रस्ता दाखवला. मुंजाजीनं आपल्या घराशेजारी तिला पत्र्याची खोली घालून दिली. चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं. तिथं राहून तिनं खुरपणीवर पोरगी वाढवली.

आता आमच्याकडची एक रीत ध्यानात घ्या, कारण सगळा घोळ तिथं आहे. ऊसतोडीला माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे पैसे, देतो ती कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. बहुतेक जोड्या नवरा-बायकोच्याच असतात. पण सगळ्या नसतात. बाप-लेक असतात, दीर-भावजय असतात, मायलेकी असतात. ज्याची जोडी मोडते तो दुसरी मोडकी जोडी शोधतो.

मुंजाजीची बायको उज्ज्वला. तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, मोळी उचलायची नाही. मुंजाजी अर्धा झाला. छबुबाई तर आधीचीच अर्धी. दोघं बहीण-भाऊ मिळून एक कोयता झाला. अभिमन्यू मुकादमानं उचल दिली, आरोही शाळेसाठी उज्ज्वलाजवळ राहिली, आणि दोघं कारखान्यावर गेले. गावात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटण्यासारखं होतंच काय?

त्याच वर्षी दसऱ्याच्या अलीकडं धारूरच्या बँकेनं मुकादमाच्या अंगणात खाती उघडायचा कँप लावला. लिंबाखाली टेबल, टेबलावर एक पोरगेला बाबू. मुकादमानं त्याला आपला कागद दिला. त्या कागदावर एका ओळीत एक कोयता, म्हणजे दोन नावं. आधारच्या झेरॉक्सा मुकादमाकडं होत्याच. बाबूनं प्रत्येक ओळीचं एक कुटुंब केलं. पहिलं नाव नवरा, दुसरं नाव बायको. भराभर लिहून, मुकादमाचा चहा पिऊन, दिवस बुडायच्या आत तो धारूरला गेला. 'तुमी एकमेकाचे कोन' एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

पुढं मुंजाजीनं त्याच बँकेतून मोटारसायकलीला कर्ज घेतलं. हंगामात हप्ते गेले, पावसाळ्यात तुंबले. मुंजाजीचं ते तसंच असतं. कर्ज त्याचं होतं, थकलं तेही त्याचंच, आणि तो नाही म्हणत नव्हता. पण बँकेनं त्याच्या 'बायकोला' आपोआप सहकर्जदार करून ठेवलं होतं, आणि ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. गाडीवर छबुबाई एकदाही बसली नव्हती. तिला गाडीचं भ्याव वाटतं.

हे सगळं उघडं झालं आरोहीमुळं. पोरगी बारावी झाली, प्रवेशाची परीक्षा दिली आणि अंबाजोगाईच्या एका कॉलेजात तिला नर्सिंगची जागा लागली. आमच्या आळीत त्या दिवशी पेढे वाटले. पेढे मीच आणले होते, धारूरहून. आरोहीनं त्या आनंदात अंबाजोगाईहून पांढरे बूट घेतले. नर्सला पांढरेच लागतात, म्हणाली. रोज काढून पुसायची आणि खोक्यात ठेवायची.

फी भरायला शिक्षणाचं कर्ज काढायचं ठरलं. आई सहकर्जदार. अंबाजोगाईच्या बँकेतल्या मॅडमनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि मान हलवली.

"मावशी, तुमचं सिबिल खराब आहे. तुमच्या नावावर गाडीचं कर्ज थकलंय. मिस्टरांच्या बरोबरीनं."

"माजा मालक वारून पंधरा-सोळा वर्सं झाली."

"इथं तर हयात दिसतात. मुंजाजी नाव आहे."

छबुबाई मला नंतर म्हणाली, "तात्या, शेजारी लेक बसलेली. बाईनं तिच्यासमोर माज्या भावाला माजा मालक म्हनलं."

गावात आल्यावर ती पहिल्यांदा उज्ज्वलाकडं गेली. उज्ज्वला भाकरी थापत होती. ऐकलं तिनं, आणि परातीत हात तसेच ठेवून पोट धरून हसली.

"वन्सं, मंग मी कोन? मोलकरीन?"

"हसू नकोस गं."

"न्हाई, इचारून घेते. तुमी आलाव तर मी माज्या आईकडं जाते की. चार दीस इसावा तरी मिळंल."

असं म्हणता म्हणता तीच रडायला लागली. मग दोघी रडल्या. भाकरी करपली.

आमच्या गावात प्रविणचं सेवा केंद्र आहे, शाळेच्या भिंतीला लागून. पोरगं सरळ आहे. त्यानं कॉम्प्युटरवर तो सगळा रिपोर्ट काढला, छबुबाईला वाचून दाखवला आणि त्यातच हरकत घेतली, की हे कर्ज या बाईचं नाही आणि हा माणूस तिचा नवरा नाही. "मावशी, तीस दिवसांत निकाल लावावा लागतो. नियम हाय," म्हणाला.

आता बँकेनं काय केलं? चौकशीला माणूस पाठवला. तो नेमका आला राखीपौर्णिमेला. छबुबाई भावाला राखी बांधून जेवायला वाढत होती. त्यानं गाडीवरूनच विचारलं, "मुंजाजी कोण? छबुबाई कोण?" दोघांनी आनंदानं हात वर केले. त्यांना वाटलं, चूक दुरुस्त करायला माणूस आलाय! मुंजाजी तर म्हणाला, "सायेब, या की जेवाया." त्या माणसानं फोटो काढला आणि गाडी वळवली. महिना सरता सरता उत्तर आलं. 'बँकेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे.'

म्हणून आम्ही धारूरला गेलो. छबुबाई, आरोही आणि मी. आणि साहेबानं तो फोटो सरकवला. इथून पुढं ऐका.

छबुबाईनं पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं. "ह्येच्यावर माज्या मालकाचं नाव हाय. मुंजाजी हाय का? वाचा."

साहेबानं वाचलं. मुंजाजी नव्हतं. मग तो अगदी सहज म्हणाला, जसं आपण पाणी मागतो तसं, "नवरा वारल्यावर दुसरं लग्न केलं असेल. आम्हाला काय माहीत?"

मी आजवर लई माणसं बघितली. वाईट माणूस बोलला तर राग येतो, त्याचं काही नाही. हा माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला चहा सांगितला होता. फक्त समोरच्या बाईपेक्षा त्याचा कागदावर जास्त विश्वास होता.

"तात्या, तुमी सांगा की ह्यास्नी," छबुबाई म्हणाली.

मी सांगितलं. दोघांच्या बारशाला मी जेवलोय हेही सांगितलं. साहेब म्हणाला, "आजोबा, तुमच्या जेवणाची पावती आहे का?" बाहेरचा शिपाईसुद्धा हसला.

मग साहेब पुढं झुकून म्हणाला, "बाई, मुलीच्या ॲडमिशनची तारीख जवळ आलीय ना? एक मार्ग आहे. तुमच्या भावाला… बरं, त्या माणसाला सांगा, थकलेले पैसे भरा. तुम्ही सहकर्जदार म्हणून या अर्जावर सही करा. मी खातं बंद करतो आणि अंबाजोगाईला स्वतः फोन करतो. काम होऊन जाईल."

पैसे भरायला मुंजाजी तयार होता. मुकादमाकडून उचल घेऊन तो त्याच आठवड्यात भरणार होता. राहिली होती फक्त सही. छबुबाई सही शिकलेली आहे, प्रौढांच्या वर्गात, कंदील घेऊन जायची. पण वाचायला तिला जमत नाही. तिनं अर्ज आरोहीपुढं धरला.

आरोही वाचायला लागली. "मी, सौ. छबुबाई, मुंजाजी यांची पत्नी…"

तिथं ती थांबली. मग खाली मान घालून ती म्हणाली, "आई, कर की सही. कागदच हाय."

छबुबाईच्या हातात पेन होता. ती लेकीकडं बघत राहिली. त्या पोरीनं खोक्यातले पांढरे बूट त्या दिवशी पायात घातले होते, बँकेत जायचं म्हणून. छबुबाईनं ते बूट बघितले. मला वाटलं, करते आता. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन साहेबापुढं ठेवला.

"मी मेल्यावरबी ह्यो कागद हितंच ऱ्हाईल. उद्या तुजं लगीन ठरंल, तवा मामाला काय म्हनशील? बाप?"

एसटीत आरोही खिडकीकडं तोंड करून बसली. घाट सगळा उतरला तरी तिनं मान वळवली नाही. गाव आल्यावर उतरताना एवढंच म्हणाली, "तुजी इज्जत ऱ्हायली. माजी शीट गेली."

गावात दोन मतं पडली. काही म्हणाले, सही करायला पाहिजे होती, पोरीचं भलं झालं असतं. काही म्हणाले, कुठली बहीण अशी सही करंल? मी कुणाच्या बाजूनं होतो ते मलाच नीट ठरवता आलं नाही, अजूनही नाही. छबुबाई मात्र गप्प बसली नाही. ग्रामपंचायतीचा दाखला काढला. तहसीलसमोर बसून प्रतिज्ञापत्र केलं, 'मी मुंजाजी यांची सख्खी बहीण आहे.' तिथल्या वकिलानं विचारलं, "हे कशाला लिहून द्यायला लागतंय?" ती म्हणाली, "म्हनूनच लिवून देते, की लिवून द्यायची पाळी आली." सगळे कागद बँकेत दिले. बँकेनं ते वरच्या ऑफिसला पाठवले. वरच्या ऑफिसातून काही येईना. शेवटी प्रविणनं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार टाकली. तिथंही आपला नंबर यायला वेळ लागतोच.

तेवढ्यात प्रवेशाची शेवटची तारीख निघून गेली. आरोहीची जागा यादीतल्या पुढच्या नंबरला मिळाली.

त्याहून वाईट गोष्ट हॉटेलात घडली. बँकेतली गोष्ट गावभर झाली होतीच. मुंजाजी चहा प्यायला गेला, तर तिथल्या टवाळांपैकी एक मोठ्यानं म्हणाला, "काय बे मुंजा, बँकेनं लगीन लावलं म्हनं तुजं? वरातीला गाडीबी बँकेनंच दिली!"

मुंजाजीनं हातातला गरम चहा त्याच्या अंगावर फेकला. मारामारी झाली, सोडवली. पण मुंजाजी त्या दिवसापासून दुसराच झाला. बहिणीच्या दारावरून जाताना खाली बघायला लागला. दिवाळी आली. भाऊबीजेला छबुबाई ताट करून बसली, दिवा दोनदा विझला, दोनदा लावला. हा पाच पावलांवरच्या घरातून आला नाही. उज्ज्वला मधे उभी राहून ओरडली, "आवं, बहीन वाट बगतीय!" आतून आवाज आला, "लोक काय म्हनत्यात ते तू ऐकलंस का?"

दिवाळीनंतर ट्रक लागले. मुकादमानं विचारलं, "छबू, तुजा कोयता?"

मुंजाजीनं आपली जोडी एका पुतण्याबरोबर लावली होती. बहिणीबरोबर तो आता उसाच्या फडात उभा राहणार नव्हता. छबुबाई पुन्हा अर्धी झाली. या हंगामाची तिच्या वाट्याची उचल तर कागदपत्रांच्या येण्या-जाण्यात आधीच खर्च झाली होती, आणि अर्ध्या कोयत्याला ट्रकमध्ये जागा नाही.

आरोहीनं आपलं अंथरूण गुंडाळलं आणि आईचा कोयता पुरा करायला ट्रकमध्ये तिच्याशेजारी जाऊन बसली. पायात तेच पांढरे बूट होते. फडात तोडलेल्या उसाचे बुडखे तळपायात घुसतात, अनवाणी चालत नाही. दुसरी पायताणं तिच्याजवळ नव्हती. जाताना छबुबाईनं नेहमीसारखी घराची किल्ली माझ्या हातात दिली. दर वर्षी म्हणते, "तात्या, दाराकडं ध्यान ऱ्हाऊ द्या." या वेळी किल्ली देऊन ट्रककडं वळली.

चैत्रात परत आल्या. आरोहीचे हात बघवत नव्हते. बुटांचा रंग कुठला ते सांगता येईना. हंगामात फिटायची ती उचल पुरती फिटली नाही, म्हणून मुकादमानं पुढच्या हंगामालाही हीच जोडी आताच लिहून घेतली. पोरगी हौसेनं घेतलेली नर्सिंगची पुस्तकं कुणाला तरी देऊन आली. मी विचारलं, "कावून गं?" तर म्हणाली, "तात्या, फडात ती वाचाया कोन बसतंय?"

आणि मग बँकेचा फोन आला, माझ्याच नंबरवर. लोकपालाकडून आदेश आला होता. आम्ही पुन्हा धारूरला गेलो. साहेब तोच होता, पण या वेळी खुर्चीवरून उठला.

"मावशी, बसा, बसा. झालं तुमचं काम. कर्जातून नाव काढलं, नातं काढलं, रिपोर्ट स्वच्छ झाला. आणि उशीर झाला म्हणून नियमाप्रमाणे दिवसाला शंभर रुपये भरपाई तुमच्या खात्यात जमा केलीय."

छबुबाईनं आरोहीकडं बघितलं. आरोही दाराजवळ उभी होती, आत आली नव्हती. फडात त्या पोरीच्या एका दिवसाच्या मोळ्यांचे शंभरापेक्षा जास्त झाले होते. पण ते साहेबाला कोण सांगणार?

"जूनमध्ये मुलीला घेऊन या," साहेब म्हणाला, "शिक्षणाचं कर्ज मी स्वतः करून देतो."

"जूनला घेऊन येऊ, अन् दिवाळीला मुकादमाला काय देऊ?" छबुबाई म्हणाली. साहेबाला ते कळलं नाही. मी उचलीचं सांगायला तोंड उघडलं, तिनं हातानं थांबवलं.

साहेबानं एक कागद पुढं केला. माझी काही तक्रार राहिली नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "इथं सही करा. आणि एक राहिलं, कुटुंबाची माहिती नव्यानं भरायचीय, म्हणजे पुन्हा घोळ नको. मुंजाजी आता तुमच्या कुटुंबात धरलेले नाहीत. मग कामाला तुमच्या जोडीला कोण, ते सांगा. आणि तक्रार काही नाही ना आता?"

छबुबाईनं पेन घेतला. टोपण काढलं, पण कागदाला टेकवला नाही. मग साहेबाच्या कॉम्प्युटरकडं बघत म्हणाली ते मी जसंच्या तसं सांगतो.

"आरोही लिवा, साहेब. अन् पुडं नातं बी लिवा, लेक म्हनून, मोट्या अक्षरात लिवा. कोयत्याला दोघं लागत्यात म्हनून तुमी माज्या भावाला माजा नवरा केला. त्यो भाऊ मला परत येत न्हाई, अन् हिची शीटबी येत न्हाई. सही मी मागनं करते, आदी तुमी मला लिवून दावा. माज्या लेकीला तरी माजा नवरा करू नका."